दुसऱ्या दिवशीची शर्यत

कॉलेजात असताना मी आठशे मीटर धावायचे. ज्यांनी कधी आठशे धावलेलं नाही त्यांना वाटतं, दोनच तर फेऱ्या. पहिली फेरी खरोखरच मजेत जाते. दुसऱ्या फेरीत मात्र, शेवटचं वळण दिसायला लागलं की मांड्यांत कोणीतरी ओली वाळू भरतंय असं वाटतं, आणि तिथून पुढे जी धावते तीच आठशेची खेळाडू, असं आमचे सर म्हणायचे.

माझं गाव भातकुली. बाबांची चार एकर कोरडवाहू, खाऱ्या पाण्याच्या खारपाण पट्ट्यातली. कापूस पिकला तरी हाती काही लागत नाही अशी ती वर्षं होती. पेपर उघडला की आमच्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या, आणि बाबांनी वाचायच्या आधीच आई तो उलटा घालून ठेवायची. बाबांनी शेत काकांवर सोपवलं आणि भातकुली ते अमरावती काळीपिवळी जीप चालवायला घेतली. मला त्यांनी राजापेठेत आत्याकडे ठेवलं, कॉलेजसाठी. आमच्या वर्गातल्या चार मुली त्या वर्षी परीक्षेआधीच लग्न होऊन गेल्या. मी राहिले, कारण सरांनी घरी येऊन बाबांना सांगितलं होतं, "पोरगी विद्यापीठाची कलर होल्डर होऊ शकते. मंग पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा राहतात." विद्यापीठाच्या संघात निवड होणं म्हणजे कलर. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी गाडीतून येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची अख्खी थैली आणली.

सरांची एक शिस्त होती. प्रत्येकीने वही ठेवायची. किती पळालो, किती वेळ लागला, काय खाल्लं, किती झोपलो. मी ते इमानदारीनं लिहायचे. माझा चांगला वेळ दोन मिनिटं पंचवीस सेकंदांच्या आसपास होता आणि सरांना तो वीसच्या आत हवा होता.

भाद्रपदात आत्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. दोन खोल्यांचं घर, बाहेर बसायला जागाच नाही, त्यामुळे घरातल्या कोणत्याही बाईची पाळी त्या तीन दिवसांत येऊ द्यायची नाही असा आत्याचा नियम. मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी यायची. डॉक्टरला कोणी विचारत नसे. चार दिवस आधीपासून आत्या आपल्या हातानं सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी द्यायची, सोबत पाण्याचा पेला. त्या वर्षी माझी तारीख नेमकी महालक्ष्म्यांवर येत होती. मी गोळ्या घेतल्या. सोवळं सांभाळलं, सोळा भाज्यांच्या नैवेद्याला हातभार लावला. "गणपती बसले हायेत तवरोक घे," आत्या म्हणाली, म्हणून पुढेही घेत राहिले.

गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या सकाळी सरांनी चाचणी ठेवली होती. पहिल्याच वळणावर मला कळलं, काहीतरी बिनसलंय. पोट टम्म, छाती दुखत होती, डोळ्यांवर झापड. पाय माझे नव्हतेच. दोन मिनिटं तेहेतीस! मी शेवटून दुसरी आले.

"काय होय हे?" सर स्टॉपवॉच हलवून बघत होते, जणू तेच बिघडलंय. "पळून राहिली का वरातीत चालून राहिली?"

मी बूट सोडायला वाकले. सरांना काय सांगणार?

मैदानाच्या कडेच्या पायऱ्यांवर माझी मैत्रीण बसली होती. ती अकोल्याची, थाळीफेक करायची, आमच्याच कॉलेजात, होस्टेलवर राहायची. तिच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान. लहानपणापासून कापूस पिंजून तिचे खांदे असे तयार झाले होते की मुलंही तिच्याशी पंजा लढवायला कचरायची. पण गेल्या वर्षभरात तिच्या तीन स्पर्धा हुकल्या होत्या. पाळी आली की ती दोन दिवस जमिनीवर पडून असायची, उलट्या व्हायच्या, रक्त इतकं जायचं की उभं राहिलं की अंधारी यायची. होस्टेलच्या बाई म्हणायच्या, लग्न झालं की थांबते सगळं.

मी तिच्याजवळ बसले आणि गोळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुह्या न आलेल्या पाळीनं तुले पाडलं, अन् मले माह्या आलेल्या पाळीनं."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं सहज माझी वही ओढून घेतली. "तुले तारखा आठवते का तुह्या? पाळीच्या?"

मला आठवत होत्या. आत्याच्या घरी कॅलेंडरवर खूण करावी लागायची. आम्ही लाल बॉलपेन घेतलं आणि सहा महिन्यांच्या पानांवर पाळीच्या प्रत्येक दिवसासमोर एक टिंब देत गेलो. चौथा महिना होता तिथे तिचा हात थांबला.

"अगं, हे पाह्य!"

"काय?"

"हे दोन पंचवीस, बाजूले टिंब. हे दोन सव्वीस, त्याच्याबी बाजूले टिंब. दुसरा दिवस, तिसरा दिवस. अन् हे सडके टाइम सगळे पाळीच्या आधीच्या आठवड्यातले!"

मी वही हिसकावून घेतली. खरंच होतं. सगळे नव्हते, मधल्या पंधरवड्यातही काही चांगले टाइम होते, पण ज्या दिवशी मी सगळ्यात जास्त घाबरून, दोन चड्ड्या आणि कापडाची घडी घालून, कोणाला दिसेल का या धास्तीनं पळाले होते, त्या दिवशी मी जोरात पळाले होते! आम्ही दोघी त्या पायऱ्यांवर इतक्या मोठ्यानं बोलत होतो की हॉकीची पोरं वळून बघायला लागली. मग आम्ही तिची वही काढली. तिच्या वहीत टिंबांसमोर काही लिहिलेलंच नव्हतं. सगळी कोरी जागा.

ती कोरी जागा बघून तिनं वही मिटली. आणि मग म्हणाली, "चाल. डॉक्टरकडे जाऊ."

राजापेठेत एक बाई डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर. आम्ही दोन्ही वह्या घेऊन आत गेलो. त्यांना वाटलं आम्ही कॉलेजच्या कसल्यातरी सर्वेक्षणाला आलोय. मी भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, वही उघडली आणि बराच वेळ त्या पानं उलटत राहिल्या. आमचा उत्साह त्यांनाही लागला असावा, कारण पाटीवर नंबर लावून बाया बसलेल्या असतानाही त्यांनी आम्हाला अर्धा तास दिला.

एका कागदावर त्यांनी दोन लाटा काढल्या. "हे दोन रस, म्हणजे हार्मोन, शरीरात महिनाभर वरखाली होत असतात. पहिल्या पंधरवड्यात एक चढतो. मध्यानंतर दुसरा चढतो, तेव्हा अंग थोडं गरम राहतं, काहींच्या अंगात पाणी साठतं, दम लवकर लागल्यासारखा वाटतो. पाळी यायच्या वेळी दोन्ही उतरतात. तुला कदाचित तेव्हा हलकं वाटत असेल. आणि तू ज्या पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्यास, त्यांनी तो दुसरा चढलेलाच ठेवला."

"म्हंजे पाळीत मी जास्त जोरात पळते?"

"असा नियम करू नकोस." त्यांनी पेन खाली ठेवलं. "याच्यावर पुस्तकात फारसं लिहिलेलं नाही. जे आहे त्यात एकीचं एक, दुसरीचं दुसरं. बहुतेकींना फारसा फरकच पडत नाही. झोप, जेवण, सराव यांचा हात त्याहून मोठा. तुझ्या वहीतून एवढंच सिद्ध होतं की पाळीत तू पळू शकतेस. हे काय कमी आहे?"

कमी? मला खुर्चीवरून उठून नाचावंसं वाटत होतं.

मग त्या माझ्या मैत्रिणीकडे वळल्या. तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्ताची तपासणी करायला लावली, पोटाची सोनोग्राफी. चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन गेलो. पोटात काही गाठबीठ नव्हती, पण रक्त फारच कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. डोकं अर्धं दुखतं का, घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास आहे का, असं बरंच विचारलं, रक्तदाब मोजला, आणि मग टेबलावर एक पाकीट ठेवलं. एकवीस गोळ्या. एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस सुट्टी, त्या सुट्टीत थोडं रक्त जाईल, पण दुखणं पुष्कळ कमी होईल.

"आणि हे लपवून सांगत नाही," त्या म्हणाल्या, "या गोळ्या पाळणा लांबवायच्या आहेत. त्याच. तुला त्या वेगळ्या कामासाठी देतेय. सुरुवातीला मळमळेल. खेळातली ताकद यानं वाढत नाही, उलट थोडं जड वाटू शकतं. पण तुझे हुकलेले दिवस परत मिळतील."

मैत्रिणीचे कान लाल झाले. तिनं पाकीट उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "हे अम्मीनं पाह्यलं तर मी गेली."

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीनं ते पाहिलं.

सुट्टी संपली त्या सकाळी मैत्रीण धापा टाकत आत्याच्या दारात आली. "अम्मी आली. पहिल्या एसटीनं. अब्बाले न सांगता. पाकीट तिच्याजवळ हाये. डॉक्टरकडे चाल म्हणते. तू चाल ना संग."

तिची अम्मी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी घट्ट धरलेलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दवाखान्यापर्यंत आम्ही तिघी एका ओळीत चालत गेलो.

आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "दार लावा." मग रुमाल सोडून पाकीट टेबलावर ठेवलं. "बाई, माह्या पोरीचं लगन नाही झालं अजून. तुमी तिले हे काहून देऊन राहिले? मोहल्ल्यात कोणाले समजलं तं तिच्या बापानं तोंड कुठं दाखवावं?"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. वाचून दाखवला. मग विचारलं, "ही दर महिन्याला दोन दिवस जमिनीवर पडून असते, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाये. मीबी पडायची. तिच्या एवढी होती तवापासून. अजूनबी पडते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करा लागते? पोटाले गरम वीट लावायची अन् सयपाक करायचा."

डॉक्टरबाईंनी तोच दोन लाटांचा कागद नव्यानं काढला. आम्हाला सांगितलं त्याहून सोप्या शब्दांत, अर्धं हिंदीत, सांगितलं. गोळी तीच आहे, पण दुखणं हे दुखणं आहे, लग्न झालेलीचं आणि न झालेलीचं. अम्मी ऐकत होत्या. मला वाटलं आता भांडण होणार. त्या एकदम म्हणाल्या,

"वीस-पंचवीस वर्षं. मले कोणी काहून नाही सांगतलं?"

मैत्रिणीनं त्यांचा हात धरला. डॉक्टरबाईंनी बाहेर निरोप पाठवला की थोडा वेळ कोणाला आत सोडू नका, आणि म्हणाल्या, "आज तुम्हालाही तपासते. झोपा तिकडे."

जाताना अम्मींनी पाकीट परत लेकीच्या हातात दिलं. रुमालासकट.

डिसेंबरात विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अकोल्यात होत्या. मी तारखा मोजल्या आणि माझी पाळी नेमकी शर्यतीच्या आदल्या दिवशी येणार हे मला पंधरा दिवस आधीच कळलं. आत्यालाही कळलं. ती पट्टी घेऊन समोर आली. "घे बापा, मोठी शर्यत हाये."

"नाही घेत, आत्या."

"पांढरी चड्डी राहते तुमची. हजार लोक राहतात तिथं."

"निळी हाये. दोन घालीन."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवासमोर चप्पल घालून गेलेय. पण पट्टी परत कपाटात ठेवली. निघताना माझ्या पिशवीत मेडिकलमधलं, पेपरात गुंडाळलेलं एक पाकीट सापडलं. त्यात पॅड होते. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतलेले.

अकोल्याला जाताना एसटी मूर्तिजापूरला थांबली. तिथंच स्टँडवर मला पाळी आल्याचं कळलं. परत येऊन मी सरांच्या शेजारी बसले. ते कागदातली भजी खात होते.

"सर, एक सांगायचं हाये. माही पाळी आली आज. उद्या दुसरा दिवस. मी पुढं ढकलायची गोळी घेतली नाही. गणपतीच्या वेळी घेतली होती, म्हणून तवा दोन तेहेतीस आलं."

सरांचं भजं हातात तसंच राहिलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. तूर उभी होती, तिच्याकडे. मला वाटलं आता बसमधून उडी टाकावी.

"मंग?" ते खिडकीकडेच बघत म्हणाले. "पळता येईन का?"

"वहीत तं येते, सर."

"मंग पळ."

बोरगाव मागे पडेपर्यंत त्यांनी भजी संपवली. मग म्हणाले, "हे सगळ्याच पोरींचं असं राहते का?"

"सगळ्यांचं वेगळं राहते, सर."

"अरे बापा." त्यांनी खिशातून पेन काढलं. "मंग वहीत एक रकाना वाढवा लागते."

दुसऱ्या दिवशी कंबर थोडी धरली होती, पण तेवढीच. मुरमाचं मैदान, चुन्याच्या रेषा, अकराचं ऊन. आम्ही आठ जणी. बुलढाण्याची एक उंच मुलगी होती, सगळे तिच्याचकडे बघत होते. शिट्टी वाजली आणि पहिली फेरी मी तिला नजरेत धरून काढली. घंटा वाजली तेव्हा मी चौथी होते. समोरच्या सरळ पट्ट्यात दोघींना मागे टाकलं. मग ते शेवटचं वळण आलं. वाळू भरलीच, ती कधी चुकत नाही, पण माझे पाय माझेच होते. मला आठवतं, मी चक्क हसत होते. दम लागलेला, तोंड उघडं, आणि हसत होते. बुलढाण्याच्या मुलीच्या खांद्यापर्यंत पोचले आणि तिथं रेषा आली.

दुसरी! दोन मिनिटं एकोणीस! पहिल्या दोघींची निवड होती. सर रेषेच्या आत धावत आले, अधिकाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या तरी थांबले नाहीत. "एकोणीस! एकोणीस!" एवढंच ओरडत होते.

दुपारी थाळीफेक होती. प्रेक्षकांत अम्मी बसल्या होत्या, सोबत मैत्रिणीच्या दोन खाला, म्हणजे मावश्या, आणि चार कप्प्यांचा डबा. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मैत्रिणीला गोळीनं खरंच मळमळलं होतं, आणि सरावात थाळी नेहमीपेक्षा जवळ पडत होती. त्या दिवशीही ती तिच्या चांगल्या फेकीपर्यंत पोचली नाही. तिसरी आली. निवड हुकली. मी तोंड पाडून तिच्याकडे गेले, तर तिनं मला उचलूनच घेतलं.

"उभी होती ना मी! सहाच्या सहा फेकल्या! वर्षभरात पहिल्यांदा, पोट्टे!"

पुढे विद्यापीठाच्या संघातून मी परराज्यात धावायला गेले. प्राथमिक शर्यतीतच सहावी येऊन बाहेर पडले, पण वेळ आणखी एका सेकंदानं कमी झाला होता, आणि मी स्टेशनवरूनच सरांना फोन लावला. मैत्रिणीनं वर्षभरानं डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या. तोवर लोहानं रक्त भरलं होतं आणि दुखणं सोसण्याजोगं झालं होतं. तिनं पुढच्या वर्षी कलर मिळवला.

दवाखान्यातल्या त्या तपासणीत अम्मींच्या गर्भाशयात गाठ निघाली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं ऑपरेशन झालं. तीन-चार महिन्यांनी एका रविवारी मी अकोल्याला गेले, तेव्हा मैत्रीण सकाळी मैदानावर सराव करत होती आणि अम्मी कडेला बसून बघत होत्या. चेहऱ्यावर रंग आला होता. अचानक त्या उठल्या, बुरख्याच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "आन इकडं ते ताट."

"अम्मी, दुखीन ना!"

"काही नाही दुखत आता. आन म्हणतो ना!"

त्यांनी थाळी हातात तोलली, लेकीसारखीच गुडघे वाकवून एक गिरकी घेतली, आणि थाळी सुटली ती समोर न जाता थेट मागे, आम्ही दोघी उभ्या होतो तिकडे. आम्ही किंचाळत पळालो. अम्मी गिरकीतच खाली बसल्या आणि पोट धरून हसत राहिल्या, इतक्या की शेवटी आम्हाला दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उठवावं लागलं.

"अजून एक," उठल्याबरोबर त्या म्हणाल्या. "आता समोर फेकतो."